जड सकाळचा नेम

नैराश्याच्या आजारात दिवसातली सर्वांत अवघड वेळ बहुधा पहाटेची असते. तीन-साडेतीनला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही. हातपाय जड, डोक्यात नको नको ते विचार. संध्याकाळकडे जरा बरं वाटू लागतं आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अनेकांच्या बाबतीत हे या आजाराचं ठरलेलं लक्षण आहे. डॉक्टरही ते मुद्दाम विचारतात.

आणि आपल्याकडे देवाधर्माचं जे काही, ते नेमकं त्याच वेळेला. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडा चालतो. देवळातले टाळ अंथरुणापर्यंत ऐकू येतात. जाग आहे, पण उठवत नाही. मग मन म्हणतं, तुझी भक्तीच आटली. मी माळकरी घरातला. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

त्या वेळी एक गोष्ट लक्षात येत नाही. हा निवाडा देणारं मनच आजारी आहे. नैराश्यात आधी जाते ती गोडी. जेवणाची जाते, गाण्याची जाते, घरातल्या लहानग्यांची जाते. नामाची तेवढी शाबूत राहील, असं का धरून चालायचं? तापात तोंडाला चव नसते, तेव्हा आपण स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. काही वाटत नाही, म्हणून श्रद्धा उरली नाही, हा हिशेबच चुकीचा आहे.

आपल्या संतांनीही तो कधी मांडला नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांना कोणता आजार होता की नव्हता, हे आज आपण ठरवू नये. पण गाथेत विठ्ठलाशी भांडण आहे, स्वतःचा वीट आहे, देव बोलतच नाही ही तक्रार आहे. वारकऱ्यांनी हे अभंग बाजूला काढून ठेवले नाहीत; टाळ-मृदंगावर म्हटले. म्हणजे ‘मला आज काहीच वाटत नाही’ हेही देवापुढे म्हणता येतं. त्यासाठी आधी बरं व्हावं लागत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. पण एकाच माणसाने ती सात दिवस धरावी, अशी कुणाची अपेक्षा नसते. पहारे लावलेले असतात. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहिला जाऊन झोपतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. ज्या संप्रदायाने नामसुद्धा वाटून घेतलं, त्यात एखाद्याला वर्षभर पहारा जमला नाही, तर बाकीच्यांनी तो द्यावा. आजारी माणसानेही तेवढं मोकळं व्हावं. माझ्या वाटचं नाम आज दुसऱ्या कुणी घ्यावं, असं म्हणण्यात कमीपणा नाही.

आता गोळीचं. वारीत पिशवीत मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन कितीतरी माणसं चालतात. विसाव्याला पाण्यासोबत सगळ्यांदेखत घेतात. मनाच्या आजाराची गोळी मात्र गाथेमागे लपवून ठेवावी लागते. का, तर लोक म्हणतील, माळ घालून हे काय? नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात. बरं वाटू लागलं तरी डॉक्टर पुढे काही महिने त्या चालू ठेवतात, कारण आजार उलटतो. ज्यांना तो वारंवार होतो, त्यांना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. अशा वेळी देवाची कृपा झाली म्हणून गोळी मनानेच सोडणं, हा घातच. कृपेला गोळीचं वावडं असल्याचं कुठल्या संताने सांगितलं आहे?

घरच्यांसाठीही दोन शब्द. ‘जप वाढव’, ‘बाहेरचं काही आहे का बघून घेऊ’, ‘तुला कमी काय आहे?’ ही तीन वाक्यं आवरा. त्यापेक्षा चहाचा कप पुढे ठेवा आणि शेजारी बसा. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर उपदेश करू नका, एकटं सोडू नका. गोळ्या-औषधं हाताशी राहू देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही दिवसरात्र चालू असतो.

ज्याची आजची सकाळ जड आहे, त्याने नेम लहान करावा. उठून बसायचं. तोंड धुवायचं. दारात पाच मिनिटं उन्हाला उभं राहायचं. सांगितलेल्या वेळेला गोळी घ्यायची. मग जमलं तर एकदा नाम, तेही मनातल्या मनात. पूर्ण माळ राहिली तर राहू दे. उपवासाला गोळी चालते. उपवासच झेपेल का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि त्यांनी दिलेली पुढची तारीख एकादशीला आली, तरी चुकवू नये. साबुदाण्याची खिचडी खाऊन जावं, पण जावं.