न सुटणारी चाकी

जी वस्तू सुटत नाही तिला आपण हट्टी म्हणतो. फुगलेले दार, गंजलेले कुलूप, न वळणारा माणूस. सर्वांना विशेषण एकच. ते न्याय्य आहे काय, हा प्रश्न मला सर्जापूर रोडवर एका पिकअप गाडीच्या पंख्यापुढे उभा असताना पडला.

घर बदलण्याचा दिवस होता. आमचे सामान घेऊन निघालेली गाडी दोम्मसंद्र्याहून इब्बलूरकडे येत असता कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याजवळ तापली. मिस्त्रीने निदान केले : पाण्याचा पंप गळतो आहे, तो बदलावयाचा तर त्याच्या आसावर बसविलेला पंखा आधी उतरविला पाहिजे. पंखा एका मोठ्या चाकीने धरलेला, आणि ती चाकी जागची हलेना. तरुण चालकाने पान्याला लांब नळी जोडून जोर लावला. पट्ट्यावरून घसरत पुलीच फिरली, चाकी तशीच राहिली. त्याने शिवी हासडून पुन्हा ओढले. पाना निसटला, रेडिएटरचे पातळ पत्रे दुमडले आणि त्याची बोटे सोलली.

मिस्त्रीने त्याला बाजूला केले व एवढेच विचारले, की चालू असताना हा पंखा कोणत्या बाजूला फिरतो? माझ्या मोडक्या कानडीतून मला जे समजले ते असे. इंजिन आस फिरविते, हवा पंख्याला मागे रेटते. या ओढाताणीत चाकी सैल न होता आवळत जावी, अशाच बेताने तिचे आटे पाडलेले असतात. म्हणून गाडीगणिक आटे सुलटे की उलटे हे बदलले, तरी चाकी सोडवावयाची ती पंखा फिरतो त्याच दिशेने. शिवाय हळूहळू जोर लावला तर सारेच सोबत फिरते. आखूड, झटक्याचा घाव बसला, तर जड पुलीला हलावयास अवसर मिळत नाही आणि चाकी तेवढी सुटते. त्याने तेल सोडले, सावकाश चहा घेतला, मग पान्याच्या दांड्यावर हातोडीचे दोन ठोके दिले. चाकी सुटली.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ती चाकी इतकी कोणी आवळली होती? बसविणाऱ्याने बेताचीच आवळली असेल. पुढचे सारे तिच्या रोजच्या इमानी फिरण्याने झाले. ज्याला आपण हट्ट म्हणत होतो, ती तिची नोकरी होती!

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी आहेत. टपालाची नोंद संगणकावर होऊ लागली, तरी ते आवक नोंदवही हाताने लिहितात. त्यांच्याविषयीच्या टिपणाचा मसुदा त्याच आठवड्यात माझ्याकडे आला होता. ‘बदल स्वीकारण्यास राजी नाहीत,’ असे मी त्यात लिहिले. वाक्य नेमके होते. लिहिताना मला थोडा अभिमानही वाटला. हरवलेल्या प्रत्येक कागदाचा जाब तीस वर्षे त्यांनाच विचारला गेला आणि प्रत्येक वेळी त्या वहीनेच त्यांना तारले, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

यावर कोणी म्हणेल, की असे समजून घेत बसलो तर जगातला प्रत्येक ताठरपणा क्षम्य ठरेल. आक्षेप खरा आहे. गळका पंप सहानुभूतीने दुरुस्त होत नाही; चाकी सुटलीच पाहिजे, आणि मिस्त्रीनेही अखेर हातोडीच उचलली. त्याच्या ठोक्यात चालकाच्या ओढण्यापेक्षा दया अधिक होती, असेही मला म्हणवत नाही. त्याने आधी दिशा विचारली, एवढाच फरक. पण दृष्टांत इथेच तोकडा पडतो. चाकीला बोलता येत नाही, म्हणून तिची दिशा दुसऱ्याला विचारावी लागते. माझे सहकारी बोलू शकत होते. माझ्या टेबलापासून चार हातांवर बसत होते.

पंप बसला तोवर दिवे लागले होते. पंखा चढविताना मिस्त्रीने चाकी फारशी आवळली नाही. चालकाने आणखी जोर लावू पाहिला, तर तो हसून म्हणाला, की बाकीचे काम रस्ता करील.

सोमवारी मी त्या सहकाऱ्यांपाशी जाऊन बसलो आणि नोंदवही कशी भरतात ते विचारले. त्यांनी तासभर समजावून सांगितले. लाल शाईच्या खुणा कशासाठी, तेही सांगितले. मसुदा तोवर वरच्या टेबलावर गेला होता.