खांबाला जडलेले जीव

मुंबईस भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचची वाट पाहत एकदा बसलो होतो. ओहोटी लागली, धक्क्याचे खांब उघडे पडले, आणि पाहतो तो खांब कुठे दिसेचना! पांढरी टोकदार कवचे, कालवे, शिंपले, शेवाळ यांची नुसती दाटी. १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० साली प्रिन्सेस गोदी. मनुष्याने दगड उतरविला जहाजांसाठी; वस्ती केली भलत्यांनीच.

त्या पांढऱ्या कवचवाल्यास बार्नेकल म्हणतात. दिसतो शिंपल्यासारखा, पण कूळ खेकड्या-कोळंबीचे. चार्ल्स डार्विन या पंडिताने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच्या अभ्यासात घातली. बालपणी हा पाण्यात तरंगत हिंडतो, कात टाकीत वाढतो. शेवटच्या अवस्थेत खाणेपिणे बंद! ध्यास एकच, टेकावे कुठे? आपल्या जातीचे थोर आधी जिथे बसले, तिकडे त्याची ओढ. तिथे डोके टेकतो, चिकटद्रव्य सोडतो, तो जन्मभर उठत नाही. मग पाय वर करून पाण्यातले कण ओढायचे आणि पोट भरायचे.

दृष्टांत गोड आहे खरा. पण घातही इथेच आहे. खांब कोणता नि जहाज कोणते, हा विवेक त्याला नाही. आधी डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचा बुळबुळीत थर तळावर धरतो, मागून हे येतात. मग जहाजाचा वेग घटतो, इंधन जास्त जळते. शेवटी सुक्या गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो.

मी मनाशी म्हटले, बुवा, तुमचा तळ कसा आहे? प्रथम कीर्तनास उभा राहिलो तेव्हा स्वच्छ होता. पुढे हार जडले, बिदागी जडली, मान जडला. एके गावी नारळ आधी दुसऱ्या बुवांस दिला, तर मी तीन दिवस रुसलो! थर बसताना कळत नाही. नाव चालेना झाली म्हणजे कळते.

तात्पर्य, खांबास कुठे जायचे नाही, त्याला वस्ती शोभते. ज्याला पैलतीर गाठायचे, त्याने तळ खरवडलाच पाहिजे. त्या जीवास एकदाच टेकता येते. जागा चुकली तरी उठता येत नाही. आपल्याला उठता येते, एवढेच नरदेहाचे भाग्य. तेव्हा वेळीच उठावे.

असो.