वाक्यात उपयोग करा

माझी पुतणी सहावीत आहे. मराठीच्या वहीत तिला गृहपाठ होता : ‘खालील विशेषणांचा वाक्यात उपयोग करा.’ प्रेमळ, कंजूष, धाडसी, भांडखोर. पहिल्या तिघांत विशेष काही नव्हतं. चौथ्यापुढे तिने लिहिलं होतं : ‘माझी आई भांडखोर आहे.’ बाईंनी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली होती.

वही घरभर फिरली. आजी हसली, दादा हसला. वहिनीही ‘वा गं वा!’ म्हणून हसली आणि कुकर लावायला आत गेली. मला मात्र हसू येईना. कारण तो शब्द पुतणीचा नव्हता, माझा होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर दोन लाख तीस हजार खर्च झाल्याचं सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. वहिनी उठली आणि म्हणाली, “बिल बघायला मिळेल का?” ते म्हणाले, “नंतर बघू.” तिने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?” तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिचा आवाज चढला होता. मागून कुणीतरी म्हणालं, “झालं यांचं सुरू.” दादा आणि मी शेवटच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. घरी आल्यावर जेवताना मी म्हणालो, “वहिनी, तू पण ना, किती भांडखोर आहेस!” पुतणी समोरच बसली होती.

पुढच्या आठवड्यात बिल नोटीस बोर्डावर लागलं. हिशेब रुपयान् रुपया बरोबर होता. घोटाळा वगैरे काही नव्हतं. मला वाटलं, म्हणजे माझं बरोबरच होतं, वहिनी उगीच भांडली. पण वहीतलं ते वाक्य वाचल्यापासून मनात एकच प्रश्न घोळतोय : व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक असलेलं ते वाक्य खरं आहे का?

‘भांडखोर’ मधला ‘खोर’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर ही सगळी त्याच घरातली मंडळी. लाच ‘खाणं’ तर आपण आजही म्हणतोच. मग भांडखोर म्हणजे भांडण खाणारा, भांडणावर पोट भरणारा. यातून एक साधी कसोटी निघते. हवं ते उत्तर मिळाल्यावर हा माणूस खाली बसतो, की नवं भांडण शोधतो? बिल लागलं त्या दिवशी वहिनीने चष्मा लावून ते वाचलं, सेक्रेटरींना “थँक्यू काका” म्हणाली आणि भाजी आणायला गेली. तिला बिल हवं होतं, भांडण नव्हे.

‘हुज्जत’ या शब्दाचं तर मला आणखी नवल वाटतं. मूळ अरबीत हुज्जत म्हणजे प्रमाण, पुरावा, युक्तिवाद. मराठीत येता येता तिची कटकट झाली. बातम्यांमध्ये ती बहुतेक वेळा ‘पोलिसांशी हुज्जत घातली’ अशीच भेटते. पुरावा मागणाऱ्याला हुज्जतखोर ठरवणं किती सोपं असतं, ते या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं.

आपल्याकडे भांडणाची नीट प्रतवारीही झालेली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची बाजू काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडून काढायचं, ती वितंडा. पुढे त्याच ग्रंथात एक सुंदर गोष्ट येते : कोवळ्या रोपाभोवती काट्यांचं कुंपण घालतात, तसं सत्य राखायला जल्प आणि वितंडाही लागतात. म्हणजे काटेरी बोलण्यालाही त्यांनी जागा ठेवली होती. प्रश्न एवढाच, की कुंपणाच्या आत रोप आहे का?

वहिनीच्या काट्यांआड रोप होतं. माझ्याबद्दल मी हे म्हणू शकत नाही. गेल्या महिन्यात कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका क्रिकेटपटूवरून मी रात्री दीडपर्यंत वाद घातला. समोरच्याने बाराच्या सुमारास “बरं, तुझं खरं” म्हटलं होतं. तरी मी त्याचे जुने मेसेज शोधून काढत बसलो. उत्तर मिळालं होतं, पण भूक भागली नव्हती. शब्दाचा अर्थ धरला तर आमच्या घरातला भांडखोर मी आहे. पण मला कुणी तसं म्हणत नाही. मी ‘मुद्देसूद’ आहे, ‘बोलण्यात कुणाला ऐकत नाही’.

बाईच्या बाबतीत शब्दकोश बदलतो. ‘कजाग बाई’ सहज म्हणता येतं. ‘कजाग पुरुष’ म्हणून बघा, जीभ अडखळते. 1887 साली मुंबईत कोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लग्न लहानपणी झालेलं, त्यांची संमती कुणी विचारलेली नव्हती. तुरुंग पत्करेन, असं त्या म्हणाल्या. बरीच वृत्तपत्रं त्यांच्या विरोधात होती. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि आज आपण त्यांना ‘धाडसी’ म्हणतो. वागणं तेच, विशेषण तेवढं बदललं. पण ते बदलायला त्यांचं म्हणणं आपल्याला पटावं लागलं. वहिनीला सभेत घोटाळा सापडला असता तर मीही तिला धाडसीच म्हणालो असतो. बिल बरोबर निघालं म्हणून तिचा प्रश्न चुकीचा कसा ठरतो?

मला वाटतं, विशेषण लावण्याआधी क्रियापद वापरून बघावं. ‘आई सभेत बिलासाठी भांडली’ असं म्हटलं, की कुठे, कशासाठी, कुणाशी हे सगळं सोबत येतं. ऐकणारा स्वतः ठरवू शकतो. ‘आई भांडखोर आहे’ म्हटलं, की सभा गेली, बिल गेलं, तीनदा टाळलेलं उत्तर गेलं. उरली फक्त आई आणि तिचा स्वभाव. खरे भांडखोर नसतात असं नाही. पण शंभर भांडणांची कारणं तपासल्यावर लावायचा शब्द आपण पहिल्याच चढलेल्या आवाजाला लावून मोकळे होतो.

त्या रात्री वहिनी ओटा पुसत होती. मी म्हणालो, “सॉरी वहिनी. तो शब्द माझ्यामुळे वहीत गेला.”

“शब्दाचं काय घेऊन बसलास,” ती फडकं पिळत म्हणाली. “तुम्ही दोघं मागे बसला होतात. एकाने जरी ‘दाखवा ना बिल’ म्हटलं असतं, तर मला तिसऱ्यांदा विचारावं लागलं नसतं.”