वेगाचा मोह आणि वस्तूचा धर्म

आपल्या मालकीच्या जुन्या वस्तूत हवा तसा पालट करण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. वाडवडिलांच्या वाड्याची दुरुस्ती काढणाऱ्यास मात्र तो चांगलाच छळतो. आज आम्ही तो एका मोटारीच्या निमित्ताने विचारात घेणार आहोत. अशी मोटार आमच्या फार थोड्या वाचकांच्या दारी असेल. परंतु तिच्या मालकापुढील पेच कोणास अपरिचित वाटू नये.

जर्मनीतील पोर्शे कारखान्याने 1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एक मोटार मांडली. तीच पुढे 911 या नावाने जगभर गाजली. तिचे सहा सिलिंडरांचे एंजिन मागच्या आसाच्याही मागे बसविलेले असून ते पाण्याने नव्हे, तर वाऱ्याने व तेलाने थंड राखले जाई. ही परंपरा 1998 साली संपली, आणि आज हौशी लोक त्या गाड्या जिवापाड जपतात.

समजा, कोणा गृहस्थाजवळ त्यांपैकी 1970 सालची साधी ‘911 टी’ आहे. एंजिन 2.2 लिटरचे, शक्ती 125 अश्वशक्तींची. त्यास अधिक वेग हवा आहे, आणि त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. मूळच्याच एंजिनात मोठे पिस्टन व सिलिंडर घालून ते वाढवावे, ही पहिली; 1989 साली निघालेल्या 911 गाडीचे 3.6 लिटरचे, 250 अश्वशक्तींचे एंजिन आणून बसवावे, ही दुसरी. म्हणजे शक्ती नेमकी दुप्पट!

सनातनी पक्ष म्हणतो की, मूळ क्रमांकाचे एंजिन गेले म्हणजे गाडीच गेली. त्यास मिलिंद राजा व नागसेन यांच्या संवादातील रथाचे स्मरण द्यावेसे वाटते. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजेही रथ नव्हे. सर्वांच्या मेळास आपण रथ हे नाव देतो. मग एकट्या एंजिनात गाडीचा आत्मा शोधणे युक्त नव्हे. परंतु सुधारक पक्षानेही या दृष्टांताने हुरळून जाऊ नये. रथ हा मेळ असेल, तर मेळ बिघडताच रथही बिघडला.

कारखान्याचा इतिहास हेच सांगतो. आरंभीच्या गाड्यांत मागील भारामुळे, चालकाने ऐन वळणावर एकाएकी वेग आवरला की, मागची बाजू बाहेर फेकली जाण्याचे भय असे. म्हणून 1969 सालच्या गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 57 मिलिमीटरांनी वाढविण्यात आले. हा पालटच होता, पण मेळ साधणारा. उलट, पुढे मॅग्नेशियमच्या कवचातील एंजिन वाढवीत 2.7 लिटरांपर्यंत नेले, तेव्हा उष्णतेने सिलिंडर धरून ठेवणारे बोल्ट कवचातून उपटले जाऊ लागले; अखेर अल्युमिनियमचे कवच स्वीकारावे लागले. शक्ती वाढविताना ती धारण करणाऱ्याची कुवत पाहिली नाही, म्हणजे असे होते. आमच्या गृहस्थाच्या एंजिनाचे कवचही मॅग्नेशियमचेच आहे, हे त्याने विसरू नये.

तेव्हा आमचे मत असे की, या निवडीचा आरंभ एंजिनापासून करूच नये. तो ब्रेकपासून करावा. जेवढा वेग खात्रीने आवरता येईल, तेवढाच वाढविण्याचा अधिकार मालकास आहे. कारण गाडी त्याची असली तरी रस्ता सर्वांचा आहे. त्यानंतर गिअरपेटी व तेल थंड करण्याची योजना यांची कुवत पाहावी, आणि मगच एंजिनाकडे वळावे. दुसरे असे की, नवे एंजिन बसविलेच, तर जुने जपून ठेवावे, आणि पुढे गाडी घेणाऱ्यास केलेला प्रत्येक पालट न विचारता सांगावा. आपण वस्तूचे धनी काही वर्षांपुरतेच असतो.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र स्वतःलाच विचारावयाचा आहे : हा वेग कशासाठी? घाटातील वळणांचा आनंद हवा असेल, तर नीट जुळविलेली 125 अश्वशक्तींची गाडीही तो भरपूर देईल. शेजाऱ्याच्या पुढे जावयाचे असेल, तर 250 देखील अपुऱ्या पडतील. कारण शेजारी बदलत राहतात. ज्या मालकास हा भेद कळला, त्याने कोणतेही एंजिन निवडावे. त्याच्या हाती गाडी सुखरूप आहे, असे आम्ही समजू.