न्याय मागणारी आई आणि मुका साक्षीदार

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभीं प्रभूनें एका विधवेचा दृष्टांत सांगितला आहे. तिच्यापाशीं द्रव्य नव्हतें, वशिला नव्हता. होती ती केवळ चिकाटी. ती अन्यायी न्यायाधीशाकडे पुनःपुन्हां गेली व अखेर तिला न्याय मिळाला. हा दृष्टांत प्रार्थनेविषयीं आहे हें खरें. परंतु ती विधवा न्यायासनासमोर उभी होती हेंही आपण विसरूं नये. अशाच एका आईची हकीकत आज आपण ध्यानांत घेऊं.

सन २००८ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस गोव्यांत हणजूण येथील समुद्रकिनाऱ्यावर इंग्लंडांतील एका पंधरा वर्षांच्या मुलीचें प्रेत सांपडलें. तिची आई त्या वेळीं कर्नाटकांत गेली होती. मुलगी बुडून मेली, असें पोलिसांनीं प्रथम सांगितलें. आईनें तें मानलें नाहीं. तिच्या आग्रहावरून प्रेताची पुन्हां तपासणी झाली, तेव्हां अंगावर पुष्कळ जखमा आढळल्या. पुढें तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. मुलीला मादक द्रव्यें देऊन, तिच्यावर अत्याचार करून, तिला पाण्याच्या कडेला मरणाच्या दारीं टाकून दिलें, असा दोन इसमांवर आरोप आला. कायद्यानें त्यास सदोष मनुष्यवध म्हटलें.

पुष्कळांनीं आईलाच बोल लावला. मुलीला मागें ठेवून ती गेलीच कशी, असें ते म्हणाले. तिची चूक झाली नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आईच्या चुकीनें मारणाऱ्याचें पाप धुऊन निघत नाहीं.

पणजीच्या बाल न्यायालयांत खटला वर्षानुवर्षें चालला. एक महत्त्वाचा साक्षीदार परदेशीं होता. तो साक्षीस आलाच नाहीं. सन २०१६ च्या सप्टेंबरांत दोघेही सुटले. तरी प्रकरण तेथें मिटलें नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढें अपील झालें, आणि सन २०१९ च्या जुलैंत दोघांपैकीं एकास दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली. मुलीच्या मरणानंतर अकरा वर्षांनीं हा निकाल लागला.

ह्यांतून आपण काय घ्यावें? पहिलें हें कीं, न्याय मागणें म्हणजे सूड मागणें नव्हे. न्यायासनानें दोघांना निरनिराळें तोललें. ज्यास न्यायालयानें सोडलें त्यास आपण चावडीवर बसून दोषी म्हणूं नये.

दुसरें अधिक जड आहे. लेवीय पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत असा नियम आहे कीं, ज्यानें पाहिलें किंवा ज्यास ठाऊक आहे, त्यानें साक्षीस बोलाविलें असतां गप्प राहिल्यास त्याचा दोष त्याच्या माथीं येतो. त्या रात्रीं किनाऱ्यावर माणसें नव्हतीं असें नाहीं. आणि अमली माल कोण पुरवितो हें अशा ठिकाणीं बहुतेकांस ठाऊक असतें.

हणजूण दूर आहे असें समजूं नका. कोणाच्या दुकानाच्या मागल्या दारीं गांजाची पुडी मिळते, हें आपल्या गांवांतही मुलांना ठाऊक असतें, उपदेशकाला ठाऊक असतें, आणि वैर नको म्हणून सारे मुके राहतात. एखादें लेंकरूं मेल्यावर मात्र आपण सर्व प्रार्थनेस जमतों. बंधूंनो, ती प्रार्थना उशिराची होय. आज ज्याचें नांव घ्यावयास आपण भितों, त्यास प्रथम एकांतीं समजावूं. तो न ऐकेल तर जेथें सांगावयाचें तेथें सांगूं, व बोलावलें तर साक्षीस उभे राहूं.

हाबेलाचें रक्त भूमींतून देवाकडे ओरडलें. तें ऐकावयास देव आहेच. पृथ्वीवरील न्यायासनासमोर त्या रक्ताकरितां बोलावयाचें काम मात्र त्यानें आपणांवर सोंपविलें आहे. तो आम्हां सर्वांस त्या विधवेची चिकाटी व खऱ्या साक्षीचें धैर्य देवो. आमेन.