म्हातारचळ

मराठीत एक शब्द असा आहे की तो उच्चारला म्हणजे समोरच्या माणसाला पुढे बोलता येत नाही. तो शब्द म्हणजे 'म्हातारचळ'. केस पिकल्यावर कोणी रंगीत सदरा घातला, कोणी तबल्याची शिकवणी लावली, कोणी आरशापुढे जरा अधिक वेळ उभा राहिला, की घरातले कोणीतरी हा शब्द हळूच सोडून देते. सोडणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि ज्याच्यावर तो सोडला तोही, दुसरा इलाज नाही म्हणून, हसतो. २०१९ साली हा शब्द मी माझ्याच घरात वापरला. त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, म्हणून आज हे लिहावयास बसले आहे.

आम्ही निगडीच्या प्राधिकरणात राहतो. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांना एवढेच सांगते, की नाशिककडे जशी द्राक्षे पिकतात तशा आमच्याकडे गाड्या पिकतात. आकुर्डीला १९७२ पासून बजाजची चेतक तयार होऊ लागली. पिंपरीला टेल्कोच्या मालमोटारी झाल्या आणि १९९८ साली तिथलीच इंडिका लोकांपुढे आली. त्याच टेल्कोच्या आवारात १९९५ पासून मर्सिडीज-बेंझ जुळवली जात असे. २००९ साली त्या कंपनीने चाकणला आपला स्वतंत्र कारखाना उभारला. ऑस्ट्रियातल्या केटीएम कंपनीच्या, तरुणांना वेड लावणाऱ्या मोटारसायकलीदेखील चाकणच्याच. इतक्या गाड्या येथे जन्माला आल्या; पण त्या जन्माला घालणारे हात मात्र वर्षानुवर्षे कंपनीच्या बसची दांडी धरून कामावर गेले. ह्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. हलवायाच्या घरी रोज जिलबी होत नाही, तसेच हे.

आमचे यजमान ह्यांपैकीच एक. आयटीआय करून १९८५ साली ते एका मोटार कारखान्यात लागले आणि गिअरबॉक्सच्या जुळणीवर त्यांनी चौतीस वर्षे काढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आमचे सारे घर त्या तीन पाळ्यांच्या तालावर चालले. घरी एक चेतक होती. मुलगा पुढे उभा, मुलगी माझ्या मांडीवर, मी मागे आडवी बसलेली आणि हातात भाजीची पिशवी. अशा चौघांचा तो रथ चिंचवडला मोरया गोसावींच्या दर्शनाला जायचा, तेव्हा त्यांना इकडेतिकडे पाहण्याचीही सोय नसे. तरीही १९९९ साली एकदा त्यांनी निगडीजवळ रस्त्याच्या कडेला ती अचानक थांबवली. समोरून एक लहानशी तांबडी गाडी जात होती. तिला छप्पर नव्हते आणि आसने फक्त दोन होती.

ती 'सॅन स्टॉर्म'. गोव्यात तयार होणारी ही उघडी, दोन आसनी गाडी १९९८ साली निघाली. अंगाने फायबरची, पोटात रेनोचे इंजिन, ताकद जेमतेम साठ अश्वशक्तीची. आजची कोणतीही घरगुती मोटार तिला सहज मागे टाकील. ती फारशी खपली नाही आणि पुढे बंदही पडली. पण त्या दिवशी ती दिसेनाशी होईपर्यंत यजमान पाहत राहिले, आणि मग स्कूटरला लाथ मारता मारता म्हणाले, "अगं, आवाज ऐकलास?" मला आवाज ऐकू आला नव्हता. माझे लक्ष मुलीच्या नाकाकडे होते.

वीस वर्षे गेली. २०१९ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा नोकरीला लागला होता, मुलीचे शेवटचे वर्ष होते, घराचे कर्ज फिटले होते. त्या वर्षीच्या खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा झाली, स्कूटरला झेंडूची माळ पडली. माझा भाऊ-वहिनी जेवायला आले होते. पाने वाढली असता यजमानांनी खिशातून एक कागद काढला. गोव्यात एक जुनी स्टॉर्म विकावयाची होती, तिची ती जाहिरात होती. "किंमत फार नाही," ते म्हणाले, "आणि इंजिन मी स्वतः उघडीन." मी वाढता वाढता हसून म्हणाले, "अहो, नातवंडं खेळवायच्या वयात हा कसला म्हातारचळ!" सारे हसले. सर्वांत मोठ्याने तेच हसले. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि वरणाची वाटी पुढे केली. त्यानंतर गाडीचे नाव आमच्या घरात निघाले नाही.

मी केले त्यात जगावेगळे काही नव्हते. पन्नाशीच्या पुरुषाने वेगवान गाडी घेतली की हसावयाचे, ही चाल आता जगभर आहे. इंग्रजीत तिला 'मिडलाइफ क्रायसिस' असे भारदस्त नाव आहे. आपला शब्द अधिक रांगडा, इतकेच. हे इंग्रजी नाव रूढ केले ते एलियट जॅक्स ह्या मानसशास्त्रज्ञाने, १९६५ साली लिहिलेल्या एका निबंधात. गंमत अशी की हा गृहस्थ आमच्या पिंपरीत शोभला असता. लंडनच्या ग्लेशियर मेटल ह्या बेअरिंगे बनविणाऱ्या कारखान्यात त्याने कामगार आणि साहेब ह्यांच्या परस्परसंबंधांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. त्याच्या त्या निबंधात मोटारींचा प्रश्नच नाही. चित्रकार, कवी, संगीतकार ह्यांची चरित्रे चाळून तो म्हणतो ते थोडक्यात असे : आयुष्याच्या मध्यावर माणसाला पहिल्यांदा खरोखर उमगते, की आपणही मरणार आहोत, आणि त्या जाणिवेशी तो कसा वागतो ह्यावर त्याचे उरलेले आयुष्य ठरते. इतक्या गंभीर गोष्टीची पुढे चेष्टा झाली आणि मृत्यूच्या जागी तांबडी गाडी येऊन बसली.

हा पेच सर्वांनाच येतो असेही नाही. अमेरिकेत एलेन वेदिंग्टन ह्या अभ्यासक बाईंनी २००० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे चौथ्या हिश्शाच्या माणसांनी आपल्याला असा पेच आल्याचे सांगितले. पण खोलात शिरून विचारता पुष्कळांची दुखणी वयाची नव्हतीच. कोणाचे आप्त गेले होते, कोणाची नोकरी, कोणाचा संसार मोडला होता. वय हे फक्त सोयीचे नाव होते.

आणि गाडीपुरते बोलावयाचे तर त्यात मानसशास्त्रापेक्षा अंकगणितच जास्त आहे असे मला वाटते. दोन आसनांची गाडी माणसाने घ्यावी केव्हा? लग्नापूर्वी घ्यावी तर पैसा नसतो. पुढे पैसा थोडा येतो तेव्हा घरात चार माणसे असतात आणि गाडीत जागा दोन. मुले उडून गेली, कर्ज फिटले, की मग पहिल्यांदा पैसा आणि जागा ह्यांचा मेळ बसतो. आणि तोपर्यंत माणूस पन्नाशी ओलांडून गेलेला असतो. म्हणजे ती इच्छा पन्नाशीत जन्मलेली नसते. ती पंचविशीत जन्मलेली असते आणि पाळी येईपर्यंत गुपचूप रांगेत उभी असते. जो माणूस आपला नंबर इतरांना देत देत शेवटी खिडकीपाशी पोचला, त्याला आपण म्हणतो, 'ह्या वयात तुम्ही इथे कसे?'

आता माझी बाजू सांगते, म्हणजे न्याय होईल. त्याच स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून मी पाटल्या केल्या होत्या. त्यांची किंमत त्या जुन्या गाडीच्या आसपासच होती. त्या पाटल्या वर्षातून दोनदा कपाटातून निघतात आणि पुन्हा कपाटात जातात. त्यांनी कोणाला कुठे नेले नाही. पण त्यांना कोणी चळ म्हटले नाही, कारण सोन्याला आपण गुंतवणूक म्हणतो. मनाशी खरे बोलावयाचे तर मला त्या तरुणपणी हव्या होत्या आणि तेव्हा मिळाल्या नव्हत्या. गुंतवणूक हे नंतर सुचलेले नाव. माझ्या हौसेला समाजाने एक शहाणे नाव देऊन ठेवले होते, त्यांच्या हौसेला नव्हते. फरक तो काय एवढाच.

मग कोणत्याही वयातली कोणतीही हौस चांगलीच, असे म्हणावयाचे काय? तसेही मला म्हणवत नाही. आपल्याकडे ह्या प्रश्नाची जुनी कथा आहे, ती ययातीची. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीने ती घरोघरी पोचवली. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य आले आणि त्याने आपल्या मुलांकडे तारुण्य मागितले. पुरूने ते दिले. ही कथा सांगताना आपण ययातीच्या वासनेला नावे ठेवतो. मला वाटते त्याची वासना ही मोठी गोष्ट नव्हे. म्हातारपणी तरुण व्हावेसे कोणाला वाटत नाही? ययाती चुकला तो किंमत देण्यात. भोग त्याचा, आणि त्यासाठी सुरकुत्या पडल्या त्या पुरूच्या अंगावर. हौस म्हणून जे काही असेल त्याला माझी आता ही एकच कसोटी आहे : ह्यात पुरू कोण आहे?

ही कसोटी लावली की वयाचा प्रश्न मागे पडतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्या प्रकाराला कोणी म्हातारचळ म्हटले नाही, म्हणणे शक्यही नव्हते. पण तेथे पुरू होते. एक नव्हे, दोन. रस्त्यावरचा वेग, मग तो कोणत्याही वयाचा असो, अनोळखी माणसाच्या आयुष्यातून वसूल होत असेल तर तो पाप आहे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून बापाने गाडी आणली, बायकोच्या औषधपाण्याला मागे सारून आणली, तर ती ययातीचीच गाडी. आमच्या घरी मी पुरू शोधून पाहिला. मुलीची फी वेगळी काढलेली होती. घर आमचे झाले होते. त्या साठ अश्वशक्तीच्या जुन्या गाडीने कोणाचे काही लुबाडले नसते. तिला नडले ते फक्त माझे हसणे.

हे सारे मला तेव्हा कळले असते तर! ते कळले २०२१ च्या उन्हाळ्यात. त्या लाटेत यजमानांचे दोन सोबती गेले. चौतीस वर्षे एकाच बसने, एकाच खिडकीजवळ बसून गेलेले. अंत्यदर्शनाला जाता आले नाही. यजमान रात्री गच्चीवर जाऊन बसत, बोलत नसत. एके दिवशी विम्याची पावती शोधताना स्कूटरच्या कागदपत्रांत मला ती घडी सापडली. जाहिरात मला ठाऊक होती. पाठीमागची बाजू मी पाहिली नव्हती. तिच्यावर पेन्सिलीने, त्यांच्या बारीक अक्षरात टिपण होते : पुढची काच कोठे मिळेल, क्लच-प्लेट कोणत्या गाडीची बसते, टायरचे माप, निगडीपर्यंत आणावयास कोणत्या घाटाने यावे. शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'पहिली फेरी — हिला घेऊन लोणावळा.' खाली रेघ ओढून खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची तारीख घातली होती.

मी त्याच दुपारी त्या क्रमांकावर फोन केला. गाडी वर्षभरापूर्वीच विकली गेली होती. संध्याकाळी त्यांना तसे सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "बरं झालं. काच फुटली असती तर कुठं मिळाली असती?" काच कोठे मिळते ते माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेले होते. पण मी काही बोलले नाही. पहिल्यांदा माझ्या हसण्याला त्यांनी हसून साथ दिली होती. आता ते माझ्या पश्चात्तापाला साथ देत होते.

वाचकहो, ह्या दिवाळीत तुमच्याही घरी फराळाच्या ताटाभोवती माणसे जमतील. कोणी पिकल्या केसांचा माणूस बोलता बोलता आपल्या मनातले काहीतरी बाहेर काढील. मोटारसायकल असेल, सतार असेल, पोहणे असेल. काकू असतील तर त्या एकटीने हिमालयात जाण्याची गोष्ट काढतील. ते घेऊ द्यावे की न द्यावे हा पुढचा विचार. पैसा पाहा, प्रकृती पाहा, पुरू कोण आहे तेही पाहा. विचारांती 'नाही' म्हणणे ह्यात अपमान नाही. पण आधी निदान विचारा, की हे किती वर्षांपासून मनात आहे? उत्तर ऐकून कदाचित तुमचे हसणे ओठांतच राहील. मी हा एक प्रश्न विचारला नव्हता.

गेल्या दसऱ्याला मी स्कूटरला माळ घातली आणि म्हणाले, "चला, लोणावळ्याला जाऊन येऊ. आता हिच्यावरही आपण दोघंच." त्यांनी चोक ओढला, दोनचार लाथा मारल्या, चेतक धुराचा लोट सोडून सुरू झाली. मी मागे बसले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, अगदी मायेने पाहिले, आणि म्हणाले, "जाऊ की. पण अगं, ही स्कूटर आहे."

मी हसले नाही.