एकसष्टावे मूल

शाळेची किंमत कशावरून ठरवावी? आमच्यासारख्या लहान गावात त्याचे उत्तर दोन आकड्यांत देतात : निकाल आणि पटसंख्या. निकाल चांगला तर पट वाढतो, पट वाढला तर शिक्षक मिळतात, आणि शिक्षक असले की निकाल सुधारतो. हे चक्र वर जात असते तोवर सारेच गुरुजी हुशार. ते खाली येऊ लागले की सारेच नालायक!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ झाली की तीन, असे प्रमाण घालून दिले. म्हणजे एकसष्टावे मूल दाखला घेऊन गेले, तर हिशोबाने त्याच्यामागून एक शिक्षकही जायचा. मागे राहतात ते दोघे आणि वर्ग पाच. एकाला पाढे सांगावेत तर बाकीच्यांना शुद्धलेखन घालून गप्प बसवावे लागते.

परवा असाच दाखला मागायला आलेले एक पालक मला म्हणाले, "गुरुजी, गावाच्या शाळेपायी मी पोराचं नुकसान करू का?" याला 'करा' असे उत्तर कोणत्या तोंडाने द्यावे? संस्था जगावी म्हणून मूल गहाण टाकता येत नाही. पण ज्यांना तालुक्याच्या बसचे पैसे परवडत नाहीत, त्या साठांना मात्र या व्यवहारात कोणी विचारीत नाही. बापाचे चुकत नाही, तरी साठ मुलांचे नुकसान होते. अन्याय करायला दर वेळी अन्यायी माणूस लागतोच असे नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तो दंड त्या मुलाच्याच हितासाठी होता, म्हणून न्याय्य. दुसऱ्यांच्या मुलांसाठी तुझे मूल इथेच ठेव, असा दंड बसवता येणार नाही. आणि खोटी नावे लिहून पट फुगवणे हाही उपाय नव्हे. २०११ च्या पटपडताळणीत अशी नावे राज्यभर उघडी पडली. कागदावरचे मूल शिक्षक मिळवून देते, पण ते शिकत मात्र नाही.

मग मागायचे काय? मला वाटते, मूल नेणाऱ्याने आपला आवाज तेवढा मागे ठेवावा. 'शिक्षक का नाही?' असे ठणकावून विचारणारा पालक बहुधा तोच असतो, आणि मुलाबरोबर तोही शाळेतून उठून जातो. त्याने ग्रामसभेत उभे राहून हा प्रश्न पुन्हा विचारावा. आता आपले मूल तिथे नाही, म्हणून त्या प्रश्नाला वजन अधिकच येईल.

दिवाळीत ज्याच्या त्याच्या अंगणात पणती लागतेच. देवळापुढची दीपमाळ मात्र कोणा एकाची नसते. तिला तेल घालायची पाळी सगळ्यांचीच असते.